सणासुदीत घरच्या पेशंटला कोण बघणार? नागपूरच्या सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा झाला, मारबत निघाली, की आमच्या छोट्या गटाच्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप यायला लागतात. डिसेंबरातलं अधिवेशन संपेपर्यंत ते थांबत नाहीत. घरात लकवा झालेले सासरे, विसरायला लागलेली आई, केमो सुरू असलेला नवरा किंवा जन्मापासून आधार लागणारं मूल, आणि दारात सण. गटातले आम्ही सगळे घरी कोणाला तरी सांभाळणारे, किंवा सांभाळून मोकळे झालेले. मी स्वतः सासऱ्यांना आठ वर्षं सांभाळलं. खालचे प्रश्न आलेल्या निरोपांतूनच घेतले आहेत. नावं काढली, भाषा थोडी नीट केली. औषधांबद्दल तुमच्या पेशंटचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका.

१. रेस्पाइट केअर म्हणजे नेमकं काय? केअरटेकर ठेवणं म्हणजेच ना?

नाही. सांभाळणाऱ्या माणसाला ठरावीक वेळ मोकळीक मिळावी म्हणून पेशंटची जबाबदारी तेवढ्यापुरती दुसऱ्याने घ्यायची, त्याला रेस्पाइट केअर म्हणतात. आमच्या गटात आम्ही सरळ 'बदली' म्हणतो, कामवाल्या बाईची बदली असते तशी. केअरटेकर पेशंटसाठी असते, बदली तुमच्यासाठी. केअरटेकर आली की आपण त्या वेळात स्वयंपाक, बँक, दळण उरकून घेतो. तो वेळ कामात गेला, तो बदलीत धरायचा नाही. बदलीच्या वेळात झोपायचं, बर्डीला खरेदीला जायचं, माहेरी जायचं किंवा गच्चीवर नुसतं बसायचं. बदली दोन तासांचीही असते आणि दहा दिवसांचीही.

२. नागपुरात अशी सोय कुठे मिळते?

सगळ्यात जास्त चालते ती ब्युरोची (म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई किंवा वॉर्डबॉय, १२ तासांची पाळी किंवा २४ तास घरी राहून. दुसरी सोय वृद्धाश्रमात किंवा आजारी ज्येष्ठांसाठीच्या निवासात थोड्या दिवसांचं राहणं. इथे एक गोष्ट फोनवरच विचारून घ्या: बरेच वृद्धाश्रम चालते-फिरते ज्येष्ठच घेतात, अंथरुणाला खिळलेला किंवा नळीवर असलेला पेशंट घेत नाहीत. तिसरी, दिवसभर सांभाळून संध्याकाळी घरी पाठवणारी डे-केअर. पेशंट मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत दाखवलेला असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. रांगेत उभं राहून डॉक्टरांना विचारण्यापेक्षा तिथे जास्त कामाची माहिती मिळते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते आणि मराठीत बोलता येतं. दिव्यांग मुलांसाठीची सोय वेगळी आहे, प्रश्न १३ पाहा.

आणि चौथी सोय घरातलीच, नात्यातली. ती प्रश्न ८ मध्ये आहे, कारण सगळ्यात जास्त भांडणंही तिथेच होतात.

३. दिवाळीसाठी बाई हवी तर किती आधी सांगावं?

गणपतीत सांगा. हो, इतक्या आधी.

दिवाळीत ब्युरोकडे माणसंच नसतात, याचं कारण साधं आहे. नागपुरात पेशंट सांभाळणाऱ्या बऱ्याच बाया आणि मुलं भंडारा, गोंदिया, गडचिरोली, इकडे बालाघाट-छिंदवाड्याकडची. त्यांनाही घर आहे, दिवाळी आहे. झाडीपट्टीत तर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्रभर नाटकं असतात, लेकीबाळी माहेरी येतात. तिकडची बाई 'भाऊबीज करून येते' म्हणाली, तर ती मंडई करूनच येणार असं धरून चाला आणि आठवडा मोजा. धानाची कापणी त्याच सुमारास आली तर आणखी काही दिवस.

दसऱ्याचंही तसंच. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांच्या आजी-आजोबांनी तिथे दीक्षा घेतली, अशा घरच्या कितीतरी बाया आपल्या घरांत पेशंट सांभाळतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी हवीच असते, ती कुरकुर न करता द्या. दीक्षाभूमीच्या भोवतालचे रस्तेही बंद असतात, तेव्हा लक्ष्मीनगर-रामदासपेठेत राहणाऱ्यांनी बदलीला आदल्या रात्रीच बोलावून घ्यावं. नर्स केरळची असेल तर २५ डिसेंबर आधीच सोडून द्या.

एक उपाय अनेक घरांत चालला आहे. ज्यांचे सण वेगळे, त्यांची अदलाबदल करायची. दिवाळीत सांभाळणारी ख्रिश्चन नर्स, नाताळात दिवाळी करून आलेली मावशी.

४. ब्युरोशी बोलताना काय विचारायचं? दर काय असतो?

दर मुद्दाम लिहीत नाही. सणात तो रोज बदलतो आणि इथला आकडा दाखवून तुम्ही भांडाल. तो ठरतो तीन गोष्टींवर: किती तासांची पाळी, पेशंट किती जड (उचलावा लागतो का, नळी आहे का, डायपर आहे का), आणि पाठवतात ती शिकलेली नर्स आहे की सवयीने शिकलेली मावशी. सलाइन, इंजेक्शन, नाकातली नळी बदलणं ही नर्सची कामं. मावशी 'मला येते' म्हणाली तरी करू देऊ नका.

विचारायचं हे: बाई आली नाही तर किती तासांत दुसरी देणार? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन कोण उचलणार, त्याचं नाव काय? सणाचा जादा दर आहे का? जेवण कोणाचं? आगाऊ रक्कम परत मिळते का? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. तोंडी कबूल झालेलं दिवाळीत कोणालाच आठवत नाही. बाईच्या आधार कार्डाची प्रत घ्या आणि पोलीस ठाण्यात माहिती देऊन पडताळणी झाली आहे का ते विचारा.

५. बदलीसाठी काय काय लिहून ठेवू?

फ्रिजवर लावायला एक कागद आणि टेबलावर एक फाइल. कागदावर जे चुकलं तर जीवावर बेतेल ते, फाइलमध्ये बाकीचं.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्यांदा दोन दिवसांसाठी गेले तेव्हा मी लिहून ठेवलं होतं: 'रात्री जेवणानंतर पांढरी गोळी.' सासऱ्यांच्या डब्यात पांढऱ्या गोळ्या तीन होत्या. बदलीवर आलेल्या बाईने तिन्ही दिल्या नाहीत, मला फोन केला, म्हणून वाचले. तेव्हापासून रंग लिहीत नाही. गोळीचं नाव, किती, किती वाजता, आणि प्रत्येक वेळेची गोळी खणाखणाच्या डब्यात आधीच भरलेली.

फ्रिजवरच्या कागदावर: अॅलर्जी, गिळायला त्रास आहे का, १०८, घराचा पूर्ण पत्ता खुणेसकट (अॅम्ब्युलन्सवाल्याला 'पाण्याच्या टाकीजवळ' कळतं, फ्लॅट नंबर कळत नाही), तुमचा नंबर, आणि तुम्ही फोन उचलला नाही तर हॉस्पिटलात सही कोण करणार त्याचा नंबर. हा दुसरा माणूस नागपुरात राहणाराच हवा. बंगळूरच्या मुलाचा नंबर मुलाच्या समाधानासाठी खाली लिहा.

फाइलमध्ये दिवसाचा क्रम. अंथरुणावरच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. कोणती कूस कधी हे तक्त्यात. भरवताना डोकं उंच, आणि नंतर निदान अर्धा तास तसंच. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पलंगावर ठेवायची नाही. मग सवयी, ज्या डॉक्टर कधीच लिहून देत नाहीत: चहा बशीतूनच लागतो, आंघोळीआधी हात धरून 'चला' म्हटलं की उठतात, 'उठा' म्हटलं की चिडतात. बदली टिकते की नाही हे बहुतेक वेळा या ओळींवर ठरतं.

आणि शब्द समोरच्याला कळतील असे लिहा. आमच्या गटातल्या एकीने मुंबईत वाढलेल्या जावेसाठी लिहिलं, 'वरणात सांबार बारीक चिरून टाकणे.' आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर; जाऊबाई दुपारभर सांबार मसाल्याचं पाकीट शोधत होत्या.

६. आमच्या सासूबाई माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं खातच नाहीत. बदली ठेवून उपयोग काय?

खातात. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. म्हणून बदलीची पहिली वेळ सणात कधीच ठेवू नये. दोन महिने आधी दोन तासांपासून सुरू करा: बदली येते, तुम्ही घरातच दुसऱ्या खोलीत. मग तुम्ही खाली बागेत. मग अर्धा दिवस बाहेर, सकाळी अदासा किंवा रामटेकला जाऊन दुपारी परत. मग एक रात्र. प्रत्येक वेळी जे अडलं ते फाइलमध्ये चढवा.

जाताना गुपचूप निसटू नका. सांगून जा, परत कधी येणार तेही सांगा, आणि दारात रेंगाळू नका. बालवाडीत मूल सोडताना बाई जे सांगतात तेच इथेही लागू आहे. (विस्मरण असलेल्यांसाठी थोडं वेगळं आहे, प्रश्न ११.)

दोन जेवणं चुकली म्हणून घाबरायचं कारण बहुतेक वेळा नसतं, पण शुगरच्या पेशंटला ही सूट नाही; प्रश्न १२ वाचल्याशिवाय प्रयोग करू नका.

७. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, सगळं सोवळ्यात आणि सगळं माझ्यावर. पलंगावर सासरे. तीन दिवस मी झोपतच नाही. घरचे म्हणतात बदली बाई ठेव, पण तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही. काय करू?

तुमचं घर, तुमचा कुळाचार. पण उत्तर विचारलंत म्हणून सांगते. अनुराधेला बसवणं, ज्येष्ठेला पूजन-जेवण, मुळाला विसर्जन, हे तीन दिवस ठरलेले आहेत. त्या तीन दिवसांत तुम्हीच सगळं केलं पाहिजे असं मात्र कुठे ठरलेलं नाही. भाज्या जावा-नणंदांत वाटून घ्या, पुरण बाहेरून सांगा, सवाष्णी-ब्राह्मणांची पानं कमी करा. सासरे आजारी असलेल्या घरी महालक्ष्म्या कमी पानांत जेवल्या म्हणून कोपल्याचं मी तरी ऐकलं नाही. बदली या तीन दिवसांत रात्रीसाठी ठेवा, १० ते ६, म्हणजे कूस बदलायला तुम्हाला उठावं लागणार नाही.

आणि त्या बाईबद्दल. सासऱ्यांचं मलमूत्र काढणारा, तोंडात घास भरवणारा तिचा हात चालतो, पण पाण्याच्या माठाला चालत नाही, हे तिला न सांगताही कळतं. अशा घरी बाई टिकत नाही आणि मग 'आजकाल माणसंच मिळत नाहीत' अशी तक्रार आमच्याकडे येते. निदान तिचं पान सगळ्यांसोबत, तेच पक्वान्न वाढून, वेळेवर वाढा.

८. दादा-वहिनी दिवाळीला पुण्याहून येतात. आईशेजारी बसून फोटो काढतात, 'किती वाळली गं' म्हणतात आणि पाचव्या दिवशी ट्रॅव्हल्सने परत. त्यांना कसं सांगू?

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात जास्त येतो.

आल्यावर सांगू नका, उशीर झालेला असतो. ते तिकीट काढतात तेव्हा सांगा. आणि 'थोडी मदत करा' असं म्हणू नका. त्यावर सगळे 'हो' म्हणतात आणि कोणी काही करत नाही. तारीख-वेळ घालून निरोप पाठवा: 'दादा, पाडव्याला सकाळी ८ पासून भाऊबीजेला दुपारी ४ पर्यंत आई तुमच्याकडे. मी मैत्रिणीकडे राहणार आहे. आदल्या दिवशी तुम्ही दोघं माझ्यासोबत सगळं करून बघा.' आदल्या दिवशीची ही सोबत टाळू नका. डायपर बदलताना एकदा कूस धरली की 'किती वाळली गं' हे वाक्य पुन्हा येत नाही.

दुसरं, घराबाहेर पडा. घरात थांबलात तर दर दहा मिनिटांनी 'ताई, नॅपकिन कुठे?' सुरू होतं आणि अर्ध्या तासात तुम्ही पदर खोचून उभ्या असता. मी हे तीन दिवाळ्या केलं, म्हणून सांगते.

तिसरं, त्यांनी वेगळ्या पद्धतीने केलं तर करू द्या. आईला वेणी वाकडी घातली, दुपारचं जेवण दोनला दिलं, चालतं. औषध, गिळणं आणि पडणं, या तीन गोष्टींत ढिलाई नको, बाकी सगळ्यात डोळेझाक.

'आम्हीपण वर्षभर नोकरी करून दमून येतो' हे उत्तर आलं तर वाद घालू नका, पैशांचं बोला. आमच्या गटातल्या एकीने भावाला सांगितलं, यंदा ओवाळणीत साडी नको, आठ रात्रींची बाई दे. भावाने दिली. दर महिन्याला दोन रात्री अजूनही देतो.

९. सणापुरतं बाबांना हॉस्पिटलात भरती करावं का? आयुष्मान कार्डही आहे.

करू नका. तीन कारणं. हॉस्पिटलात जंतुसंसर्गाची भीती घरापेक्षा जास्त, आणि वयस्क माणूस तिथे रात्री गोंधळतो. दुसरं, भरती केलं तरी नातेवाईक जवळ लागतोच. सरकारी दवाखान्यात तर स्ट्रेचर ढकलण्यापासून. म्हणजे सुट्टी तुमची नाहीच. तिसरं, पैसे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतात ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारासाठी. 'घरी बघायला कोणी नाही' हे भरतीचं वैद्यकीय कारण होत नाही. खासगी मेडिक्लेमचंही तेच.

१०. आईला आठ दिवस वृद्धाश्रमात ठेवून मुलीकडे गेलो तर कायद्याने गुन्हा होतो म्हणे?

आठ दिवसांच्या सोयीला नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २४ आहे: ज्याच्याकडे ज्येष्ठाची काळजी आहे त्याने त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडलं, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नावनोंदणी करून, पैसे भरून, परतीची तारीख लिहून, रोज फोन करून ठेवलेलं राहणं त्यात बसत नाही. तरी दोन गोष्टी पाळा. आईला विचारा, शक्यतो ती जागा आधी दाखवून आणा. आणि परतीची तारीख अर्जावर लिहा, तीच पाळा. 'अजून चार दिवस राहू दे' म्हणत लांबत जाणाऱ्या सुट्ट्या आम्ही पाहिल्या आहेत.

भाऊबंद 'टाकून गेली' म्हणतीलच. ते कलम २४ वाचून बोलत नसतात.

११. बाबांना डिमेन्शिया आहे. त्यांना दुसरीकडे ठेवणं बरं की घरीच बदली?

जमत असेल तर घरीच. जागा बदलली की डिमेन्शियाचा पेशंट जास्त गोंधळतो, संध्याकाळी कलती उन्हं झाली की 'घरी जायचं' सुरू होतं, रात्री दार शोधतो. बाहेर ठेवायचंच असेल तर त्यांची चादर, उशी, घड्याळ, देवाची तसबीर सोबत द्या.

प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसं 'चार दिवसांनी येते' हे सांगून उपयोग नसतो. ते विसरतात आणि दर तासाला नव्याने कष्टी होतात. त्यांना 'बाजारात गेली, येतेय' एवढं पुरतं. खोटं बोलायचं जीवावर येतं, पण त्यांना दिवसातून दहा वेळा रडवण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि बदलीच्या मोबाइलमध्ये त्यांचा आजचा फोटो, अंगावरच्या कपड्यांसकट.

फटाके वेगळेच संकट. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. ती किती पाळली जाते ते तुमच्या गल्लीला ठाऊक. रस्त्याकडच्या खोलीतून पलंग हलवा, पंखा-कूलर किंवा भजनं चालू ठेवा. लक्ष्मीपूजनाची रात्र तरी नव्या माणसाच्या भरवशावर सोडू नका. चांगल्या ओळखीचा माणूस नाकापर्यंत चादर घेऊन बसलेल्या बाबांजवळ बसला तर बरं.

आणि गोंधळ अचानक, एका दिवसात वाढला तर त्याला 'तुम्ही गेल्यामुळे' म्हणू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ, नवं औषध, असं काही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

१२. इन्सुलिन, नाकातली नळी किंवा ऑक्सिजन असलेला पेशंट बदलीवर सोडता येतो का?

येतो, पण शिकलेल्या माणसावर, आणि काही गोष्टी फ्रिजवरच्या कागदावर (प्रश्न ५) मोठ्या अक्षरात लिहून.

इन्सुलिन: जेवण समोर आल्याशिवाय द्यायचं नाही. घाम, थरथर, बडबड बदलली तर लगेच शुगर तपासायची. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. दिवाळीत उलट भीती असते, येणारा प्रत्येक पाहुणा 'एक अनारसा काय होतो' म्हणतो. बदलीला पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून पलंगाजवळ पाटीच लावा.

नळी: निघून आली तर घरी परत घालायची नाही. भरवताना खोकला आला, ओठ निळे दिसले तर थांबायचं.

ऑक्सिजन: कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर शेजारी हवाच. मधल्या आकाराच्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर बारा तासांच्या आसपास पुरतो. तुमचा हिशेब यावरून काढा, आणि सिलिंडरवाला दिवाळीत दुकान बंद ठेवतो का ते धनत्रयोदशीच्या आधी विचारा. त्या खोलीत पणती, उदबत्ती, काहीही नाही. पूजेची असली तरी.

१३. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी. वृद्धाश्रम तर घेणार नाही. मी कुठे जाऊ?

तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. त्यातली 'समर्थ' योजना थोड्या काळाच्या निवासासाठीच काढलेली. नंतर ती 'घरौंदा'शी जोडली. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थाच ती चालवतात, तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न नोंदणीचा विचारा. 'निरामय' आरोग्य विमा वर्षाला १ लाखापर्यंतचा आहे, तो काढून ठेवा. शिवाय मुलगा १८ च्या पुढे गेला की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. बदलीच्या काळात हॉस्पिटलात सहीची वेळ आली तर या कागदावाचून अडतं.

१४. मी एकटा मुलगा, आई अंथरुणावर. बहीण नाही. सण म्हणजे मला काय सुट्टी घ्यायची?

घ्यायची. निरोप पाठवणाऱ्यांत पुरुष कमी, पण जे आहेत ते सगळ्यात जास्त थकलेले. त्यांना कोणी 'कशी आहे आई'च्या पुढे विचारत नाही. आईच्या आंघोळीसाठी आणि डायपरसाठी बाई ठेवा, रोज सकाळी दोन तास तरी. तिला अवघडल्यासारखं होत असतं, ती बोलत नाही इतकंच. फराळ विकत आणा. हेच उलट बाबतीत: वडिलांना वॉर्डबॉय लागतो, सुनेकडून त्यांना लाज वाटते.

१५. नवऱ्याचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. भाचीचं लग्न आहे तुळशीच्या लग्नानंतर. जाऊ का?

त्याला विचारा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा: 'दोन दिवसांत काही होईल का?' डॉक्टर तारीख सांगणार नाहीत, पण या प्रश्नाला बहुतेक प्रामाणिक उत्तर मिळतं. पॅलिएटिव्ह केअर (बरं करण्यापेक्षा दुखणं-त्रास कमी करण्याची सेवा) देणारी काही केंद्रं घरच्यांना विसावा मिळावा म्हणूनही थोडे दिवस पेशंट ठेवून घेतात. दुखण्यावरचं औषध आणि ते कधी वाढवायचं याची चिठ्ठी सोबत द्या. आमच्या गटात कोणी गेलं, कोणी नाही गेलं. दोन्हीकडच्या बायकांना नंतर रुखरुख लागली. म्हणून मी 'जा' किंवा 'थांब' असं लिहीत नाही. गेलात तर रात्री परत येता येईल एवढ्या अंतरावर जा.

१६. बाई आलीच नाही! बॅगा भरलेल्या, ब्युरोचा फोन बंद.

म्हणून बदलीला एक दिवस आधीच बोलवायचं, पैसे जास्त गेले तरी. ते झालं नसेल तर सुट्टी रद्द करू नका, आखूड करा. चार दिवसांचा एक दिवस करा, सगळ्यांनी जायचं होतं तर तुम्ही जा आणि नवऱ्याला ठेवा. (हो, तुम्ही. रोजचं तुम्ही करता.) शेजारी, भिशीतल्या मैत्रिणी, यांतल्या दोघींना आधीच सांगून ठेवलेलं असावं की गरज पडली तर चार तास बसाल का. अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सला मोर्चांमुळे बस-ऑटो अडकतात. तेव्हा दोन तासांचा उशीर म्हणजे दगा नव्हे.

१७. जाताना कॅमेरा लावू का?

लावा, पण बाईला दाखवून, आणि कपडे-डायपर बदलायच्या जागी नाही. ती तुमच्या आईचीही अब्रू आहे. दागिने आणि एटीएम कार्ड कपाटात बंद करून जा. मग कॅमेऱ्यात काय बघायचं ते एवढंच उरतं की आई जेवली का. सुट्टीत तासातासाला बघत बसणार असाल तर लावूच नका.

१८. परत आलो तर बाबा बोलतच नाहीत. तोंड फिरवून बसले.

रुसले आहेत. दोन-तीन दिवसांत उतरतं. पण रुसवा म्हणून सोडून देण्याआधी अंग बघा: माकडहाड, टाचा, खुबे, इथे लाल झालंय का, दाबलं तरी लाली जात नाही का. गोळ्या मोजा, शौचाची नोंद बघा. काही चुकलं असेल तर बदलीला रागावण्याआधी फाइलमध्ये ती ओळ होती का ते तपासा. निम्म्या वेळा नसते.

१९. हे कोणाला सांगितलं नाही. परवा सासूबाईंवर हात उगारला. सण आला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

सांगितलंत हे बरं केलंत. उगारलेला हात हा धोक्याचा इशारा आहे. प्रश्न ३ मधली गणपतीपासूनची तयारी तुम्हाला लागू नाही, तुम्हाला बदली आज हवी. कोणालाही बोलवा, नणंद, शेजारीण, आणि दोन तास घराबाहेर जा. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाव सांगावं लागत नाही. झोप किती दिवस झाली नाही ते त्यांना सांगा. पुन्हा तसं होईल असं वाटलं तर सासूबाईंना पलंगावर सुरक्षित ठेवून खोलीबाहेर या. दहा मिनिटं डायपर ओला राहिला तर चालेल.

२०. सगळं जमवून सुट्टी घेतली, पण तिथे झोपच लागत नाही. मग फायदा काय?

पहिल्या दोन रात्री कोणालाच लागत नाही. शरीराला दोन-दोन तासांनी उठायची सवय झालेली असते. म्हणून जमलं तर तीन रात्रींपेक्षा कमी सुट्टी घेऊ नका आणि पहिल्याच दिवशी देवदर्शन, नातेवाईक, खरेदी असं भरगच्च ठेवू नका. घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. मी पहिल्यांदा गेले ती शेगावला, नणंदेबरोबर. भक्तनिवासात रात्री दोनला दचकून उठले, अंधारात शेजारच्या पलंगाशी गेले आणि गाढ झोपलेल्या नणंदेची कूस बदलून, पाठीमागे उशी लावून परत येऊन झोपले. सकाळी ती म्हणाली, किती वर्षांनी इतकी छान झोप लागली.